मारायला दोन इंच, वाचायला वीस फूट

महाराणा प्रतापांचा भाला ८० किलोंचा, चिलखत ७२ किलोंचं आणि सगळा सरंजाम मिळून २०८ किलो, हा मजकूर बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला आहे. महाराणांची शस्त्रं ज्या उदयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात आहेत, ते मात्र सगळ्यांचं मिळून वजन ३५ किलो सांगतं. आणि ३५ किलोही थोडे नव्हेत.

८० किलोंचा अंदाज घ्यायला आजचा भाला पाहू. नीरज चोप्रानं २०२५ साली दोह्यात ९०.२३ मीटर फेकला तो ८०० ग्रॅमचा होता. ८० किलो म्हणजे तसे बरोबर १०० भाले, एका मुठीत. शिवाय ७० किलोंचा माणूस ८० किलोंचा भाला फिरवू लागला, तर फिरणार माणूसच. शत्रूला नुसतं बाजूला सरकून उभं राहिलं तरी पुरे.

खरे आकडे पाहिले की पहिला धक्का बसतो तो उलट्या बाजूनं. रोमन सैनिकाची आखूड तलवार किलोभराच्या आत-बाहेर. आपली वक्र तलवार साधारण किलोभर. जपानी कताना १ ते १.३ किलो. युरोपातली दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार १.२ ते १.६ किलो. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांची माणसाच्या उंचीला टेकणारी दोन हाती तलवारसुद्धा बहुधा २ ते ३.५ किलोंत बसते. त्याहून जड तलवारी संग्रहालयांत आहेत, पण त्या बहुतेक मिरवणुकीच्या.

वजन वाढवून सांगितल्यानं योद्ध्याचा मान वाढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचं कसब नाहीसं होतं आणि मागे उरतो तो हमाल. शस्त्र चालवण्याच्या विद्येतले खरोखर चक्रावून टाकणारे आकडे किलोंत नाहीतच. ते सेंटिमीटरांत आहेत, मीटरांत आहेत आणि सेकंदाच्या तुकड्यांत आहेत.

३६ पट

क्रिकेटची बॅट साधारण १.२ किलोंची असते, म्हणजे लढाऊ तलवारीएवढीच. ती नेहमीसारखी दांड्याला धरून एका हातानं झटक्यात डावी-उजवीकडे फिरवून पाहा. मग उलटी करून पात्याच्या टोकाला धरा आणि तेच करा. वजन एक ग्रॅमही बदललेलं नाही, पण दुसऱ्या वेळी बॅट निम्म्याहून हलकी वाटेल.

याचं गणित असं की फिरवायला होणारा विरोध वजनाच्या पटीत वाढतो, पण हातापासूनच्या अंतराच्या मात्र वर्गात. हिशेब सोपा करायला सगळं वजन एका बिंदूत धरू. १.२ किलो वजन मुठीपासून १० सेंटिमीटरवर असेल तेव्हा जेवढा विरोध, त्याच्या ३६ पट ते ६० सेंटिमीटरवर असताना. अंतर ६ पट, विरोध ६ गुणिले ६. खऱ्या शस्त्राचं वजन पसरलेलं असतं, त्यामुळे तफावत एवढी टोकाची राहत नाही, पण दिशा हीच.

तलवार आणि गुर्ज (लोखंडी गदा) यांच्या चालवण्यातला सगळा फरक इथून सुरू होतो. तलवारीचं पातं टोकाकडे निमुळतं, पातळ होत जातं आणि मुठीशी लोखंड जास्त असतं. त्यामुळे तिचा तोल मुठीच्या थोडा पुढे, चार-सहा बोटांवर येतो. ती अर्ध्या वाटेत थांबवता येते, हूल देऊन वळवता येते, घाव चुकला तर परत आणता येते. गुर्जाचं उलट. सारं वजन टोकाशी. सुटला की तो पोचेपर्यंत माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. बसला तर चिलखताच्या आतलं हाड मोडतो. चुकला तर मारणारा स्वतः उघडा पडतो. म्हणून गुर्ज बिनचिलखती चपळ माणसासमोर गैरसोयीचा आणि लोखंडात मढलेल्या माणसासमोर मोलाचा.

आपल्या तलवारीच्या मुठीला खाली जी चकती असते, ती नुसती शोभेची नाही. ती मनगटाला अडते आणि एका मर्यादेपलीकडे वळू देत नाही. त्यामुळे मनगटाच्या फिरकीनं भोसकण्यापेक्षा कोपर आणि खांद्यातून घाव घालून तो ओढून घेणं हीच तिची चाल ठरते. शस्त्राचा कारागीर अशा रीतीनं हाताला आधीच सांगून ठेवतो की काय करायचं आणि काय नाही.

५ सेंटिमीटर

चौथ्या-पाचव्या शतकातला रोमन लेखक व्हेजिशियस युद्धशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात एक आकडा देतो. तलवारीचं टोक शरीरात दोन अंगुळं गेलं की जखम प्राणघातक. त्याचं माप आजच्या हिशेबात साधारण ५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे दोन इंच.

याच कारणासाठी रोमन शिपायाला वार करण्यापेक्षा भोसकायला शिकवत. वार करायला हात वर जातो तेव्हा उजवी कूस उघडी पडते. भोसकताना अंग ढालीआडच राहतं. नव्या शिपायाला सहा फुटी खांबासमोर उभं करत आणि खऱ्याच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार व दुप्पट वजनाची विणलेली ढाल देत. सराव जड शस्त्रानं आणि लढाई हलक्यानं, असा हा उलटा न्याय होता.

टोकाची ताकद किती? १० किलो वजनाचा दाब, जो कोणीही नुसता हात टेकून देऊ शकतो, तो एक चौरस मिलिमीटर टोकावर आणला तर दाब होतो सुमारे ९७० वातावरणांएवढा. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर पाण्याखाली, तो साधारण १,०७० असतो. म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल समुद्राचा तळ तलवारीच्या अणीवर मावतो.

धारेचं गणित वेगळं. १० सेंटिमीटर धार एकाच वेळी टेकली आणि ती ०.१ मिलिमीटर जाड धरली, तर क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर होतं आणि दाब एकदम दहाव्या हिश्शावर येतो. पातं वक्र केलं की एका क्षणी त्याचा थोडाच भाग टेकतो आणि ओढताना तो भाग सतत बदलत जातो. घोडेस्वारांच्या तलवारी बऱ्याच ठिकाणी वक्र का झाल्या, याचं एक मोठं कारण हे.

या दाबाला उत्तर म्हणून कड्यांचं चिलखत आलं. सुमारे १० किलोंच्या एका अंगरख्यात वीस-तीस हजार कड्या असत. धार त्यांच्यावरून घसरते, दाब शेजारच्या कड्यांत वाटला जातो. मग पुन्हा शस्त्र बदलतं. एका कडीत घुसेल अशी सुईसारखी अणी तरी हवी, नाहीतर कड्यांची पर्वा न करणारा गुर्ज.

१०० जूल

जोमानं घातलेल्या तलवारीच्या घावात ऊर्जा असते ती शंभर जूलच्या आसपास. १० किलो वजन एक मीटर वर उचलायला लागते तेवढीच. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी रायफलीची गोळी नळीतून बाहेर पडते ती ३,३०० जूल घेऊन. गोळीच्या हिशेबात तलवार तेहतिसावा हिस्सा.

आता घोडा आणू. घोडा ३५० किलोंचा, स्वार आणि सामान ८० किलोंचं, वेग ताशी २५ किलोमीटर. या जोडीची गतिज ऊर्जा १० हजार जूलच्या वर जाते, म्हणजे तीन गोळ्यांएवढी. स्वाराच्या भाल्याच्या टोकाशी हे सारं आणता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण जेवढा जोर पुढे, तेवढाच मागे. भाला घट्ट आवळून धरला तर तोच धक्का स्वाराला खोगिरावरून उचलतो. म्हणून हलक्या खोगिरावरचा स्वार भाला भोसकल्यावर हात ताठ ठेवत नाही. घोडा पुढे निघतो, हात मागे झुलतो आणि भाला ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं निघून येतो. आजही दौडत्या घोड्यावरून जमिनीतली मेख उचलण्याच्या लष्करी खेळात हात असाच मागे झुलताना दिसतो.

मराठ्यांच्या विट्यानं याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. भाल्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाशी. फेकला तर लांबचं शस्त्र, ओढून घेतला की पुन्हा हातातलं.

६.३ मीटर

मारायला ५ सेंटिमीटर पुरतात, तर मग शस्त्रं एवढी लांब का? या प्रश्नाला सगळ्यात टोकाचं उत्तर दिलं मॅसिडोनियानं. फिलिप आणि अलेक्झांडर यांच्या पायदळाचा लांबलचक भाला म्हणजे सारिसा. पुढे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तिची लांबी १४ हात सांगतो. त्याचा हात आणि आपला हात जवळपास एकच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, ४५ सेंटिमीटर. म्हणजे ६.३ मीटर, वीस फुटांहून जास्त. दोन मजली घराच्या गच्चीला टेकेल एवढी काठी.

तिचे १४ हात कसे खर्ची पडत, हेही तो मांडतो. ४ हात धरण्यात आणि मागच्या तोलात जातात, १० हात सैनिकाच्या पुढे उरतात. रांगांमधलं अंतर २ हात. म्हणून दुसऱ्या रांगेची टोकं आघाडीच्या पुढे ८ हात निघतात, तिसरीची ६, चौथीची ४, पाचवीची २. आघाडीच्या प्रत्येक माणसासमोर अशी एकामागोमाग पाच टोकं. सहाव्यापासून सोळाव्या रांगेपर्यंतचे लोक भाले तिरके वर धरतात; त्या जंगलात वरून येणारे बाण-भाले अडकतात. १६ ओळी, प्रत्येकीत १६ माणसं, एक तुकडी २५६ जणांची.

समोरच्या रोमन शिपायाला तलवार चालवायला माणसामागे दुप्पट जागा लागते. त्यामुळे पॉलिबियसच्या हिशेबात एका रोमनासमोर दोन मॅसिडोनियन येतात आणि दहा टोकं. त्याच्या तलवारीचं पातं साठ-पासष्ट सेंटिमीटर. पहिल्या टोकापासून पहिल्या शत्रूच्या छातीपर्यंत साडेचार मीटर. मोकळ्या रस्त्यावर हे अंतर चालायला तीन सेकंद लागतात.

सारिसा दोन्ही हातांनी धरावी लागे, वजन पाच-सहा किलो, ढाल लहानशी आणि गळ्यातून अडकवलेली. तिच्यात पवित्रे नाहीत, हूल नाही, वळणं नाहीत. सरळ धरायची, शेजाऱ्याबरोबर पाऊल टाकायचं. एकट्याच्या हातात ती निरुपयोगी. तिचं कसब २५६ जणांनी मिळून एकदाच शिकायचं असतं.

१०० चौरस फूट

दांडपट्टा नेमका सारिसेच्या विरुद्ध टोकाला उभा आहे. पट्ट्याचं सरळ, दुधारी, लवचीक पातं मीटर-सव्वा मीटर लांब आणि मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत. हात कोपराच्या जवळपर्यंत खोबळ्यात जातो आणि मनगट बंद होतं. पातं हाताचाच पुढचा भाग बनतं. मनगटाचं काम कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांना करावं लागतं, म्हणून पट्टा उभ्यानं चालत नाही. पट्टेकरी सतत फिरत, बसत, उसळत राहतो. एकदा गती धरली की ती मोडायची नाही. एका घावाचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत ही रीत आजही जिवंत आहे आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

पट्ट्याची जागा मोजू. हात आणि पातं मिळून त्रिज्या पावणेदोन मीटर धरली तर वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ९.६ चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस फुटांहून थोडं जास्त. एक माणूस, एक पातं आणि एक अख्खी खोली. सारिसावाल्याला लागते ९० गुणिले ९० सेंटिमीटर जागा. एका पट्टेकऱ्याच्या वर्तुळात ११-१२ सारिसावाले उभे राहतील. सेकंदाला एक फेरा असा संथ वेग धरला, तरी पट्ट्याचं टोक ताशी ४० किलोमीटरनं फिरत असतं. वेग दुप्पट केला तर ताशी ८०.

म्हणूनच पट्टेकरी रांगेत उभा करता येत नाही. तो एकट्यानं अनेकांना लांब ठेवायला, अंगरक्षक म्हणून किंवा अरुंद वाट रोखायला. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीत खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा वार शिवाजी महाराजांपर्यंत पोचण्याआधी त्यांचा अंगरक्षक जिवा महालानं तोडला, तो क्षण पट्ट्याच्या याच गुणाचा, असं परंपरा मानते. सारिसा भिंत बांधते, तर पट्टा एका माणसाभोवती कुंपण घालतो.

२०० ला १

लांबी फुकट मिळत नाही. इसवी सनपूर्व १६८ मध्ये ग्रीसमधल्या पिद्ना इथे रोमन सेनापती एमिलियस पॉलस आणि मॅसिडोनियाचा राजा पर्सियस समोरासमोर आले. भाल्यांची ती भिंत पाहून आपल्याला धडकी भरली होती, असं पॉलस पुढे अनेकदा सांगे, ही नोंद ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं केली आहे. सुरुवातीला रोमन मागेही रेटले गेले. पण जमीन जसजशी उंचसखल होत गेली, तसतशी मॅसिडोनियन फळीत भेगा पडल्या. पॉलसनं लहान लहान तुकड्यांना त्या भेगांत शिरायला सांगितलं.

रोमन आत शिरले आणि सव्वासहा मीटरच्या शस्त्राची किंमत तिथल्या तिथे शून्य झाली. टोकं मागे राहिली, शत्रू कुशीत आला. मॅसिडोनियनांनी सारिसा टाकून खंजीर काढले; समोर पुरुषभर ढाली आणि साठ सेंटिमीटरची पाती. लढाईचा निकाल तासाभरात लागला, असं प्लूटार्क सांगतो. रोमन इतिहासकार लिव्हीच्या मते मॅसिडोनियाचे सुमारे २० हजार मेले, रोमचे शंभरच्या वर नाहीत. हे जेत्यांचे आकडे आहेत. निम्मे-दुप्पट केले तरी उरतं ते गुणोत्तर विश्वास बसणार नाही असंच.

पण खुद्द रोमन तलवारीलाही जागा लागतेच. त्याआधी अर्धशतक, इसवी सनपूर्व २१६ मध्ये, कार्थेजच्या हॅनिबलनं कॅनेच्या मैदानावर रोमन फौज चारही बाजूंनी आवळली, इतकी की आतल्यांना हात उचलायलाही जागा उरली नाही. लिव्हीचा मेलेल्यांचा आकडा ४८ हजारांच्या आसपास. पॉलिबियसचा याहून बराच मोठा. लहान आकडा घेतला आणि कत्तल आठ तास चालली असं धरलं, तर मिनिटाला १०० माणसं. तोफ नाही, बंदूक नाही. प्रत्येकजण हाताच्या अंतरावरून मारलेला.

पाव सेकंद

डोळ्यानं पाहिलेल्या गोष्टीला हातानं उत्तर द्यायला माणसाला सुमारे ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. सेकंदाला ५ मीटर वेगानं येणारं टोक तेवढ्या वेळात मीटरभर पुढे येतं. म्हणजे शत्रूचं टोक तुमच्यापासून मीटरभरावर असेल, तर ते निघाल्याचं कळून हात हलेपर्यंत ते लागलेलं असेल. ढाल उचलणं, परतवणं, उडी मारणं यांपैकी कशालाच वेळ नाही.

म्हणून जगातल्या बहुतेक आखाड्यांत, भाषा आणि शस्त्र कोणतंही असो, पहिला धडा पायांचा असतो. शत्रूला तुमच्यापर्यंत पोचायला हाताबरोबर पाऊलही टाकावं लागेल, एवढ्या अंतरावर राहायचं. पाऊल हातापेक्षा सावकाश पडतं आणि आधी दिसतं. त्या एका पावलानं तुम्ही पाव सेकंद विकत घेता.

आजच्या तलवारबाजीनं हा हिशेब विजेच्या यंत्रावर आणून ठेवला आहे. एपे या प्रकारात तलवार जास्तीत जास्त ७७० ग्रॅमची. टोकावर ७५० ग्रॅम दाब पडला की दिवा लागतो. दोघांचे घाव सुमारे १/२५ सेकंदाच्या आत बसले तर गुण दोघांनाही. डोळ्याची पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी सेबर खेळते, आणि तिथे तर धारेचे वारही मोजतात, त्यामुळे चकमकी आणखी झटपट संपतात.

शून्य

आता उरतं अंतराचं दुसरं टोक. कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते, म्हणून ठोसा मारावा तसं पातं पुढच्या हाताच्या रेषेत जातं आणि सगळ्या अंगाचा भार मागे उभा राहतो. तिच्यासाठी शत्रू हाताच्या टप्प्यात यावा लागतो. वाघनखांना तेवढंही अंतर नको. मुठीत मावणारी पट्टी, बोटांत कड्या, आत वळलेली काही सेंटिमीटरची नखं. त्यांच्यामागे लांबीचा एकही सेंटिमीटर बचावासाठी नाही.

सारिसा आणि वाघनख यांच्या लांबीत शंभर पटींचा फरक, तरी दोघांचं मारणारं टोक तेवढंच, व्हेजिशियसच्या दोन अंगुळांएवढं. बाकीची सहा मीटर काठी फक्त धरणाऱ्याला जिवंत ठेवण्यासाठी. ज्याच्या शस्त्राला ती काठी नाही, त्याला बचाव दुसरीकडे बांधावा लागतो. १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखानाच्या भेटीत वाघनखं घेऊन गेलेल्या शिवाजी महाराजांनी तो अंगरख्याखालच्या चिलखतात, पगडीखालच्या लोखंडी टोपात, भेटीच्या ठरवून घेतलेल्या अटींत, बरोबरच्या निवडक माणसांत आणि रानात दडवलेल्या फौजेत बांधला होता. लांबी शस्त्रात नव्हती, ती आखणीत होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ साली साताऱ्यात आली. ही त्या भेटीतलीच का, याची खात्री ते संग्रहालयही देत नाही. पण पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा किंवा उदयपूरला. काचेमागच्या पाटीवर फार तर लांबी आणि वजन लिहिलेलं असतं. तिसरा आकडा, तोल मुठीपासून किती बोटांवर येतो हा, क्वचितच असतो. लढणाऱ्यानं शस्त्र उचलताच तोच आधी पाहिला असता. संग्रहालयांनी तो पाटीवर लिहायला सुरुवात करावी. शाळेतली मुलंही मग वजनाऐवजी त्याबद्दल विचारू लागतील.